प्रौढांचे जलतरण : शुल्क तलावाचे, गरज कौशल्याची

कुंडम (जबलपूर) : पोहणे बालपणीच शिकावे, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे. त्यामुळे तिशी-चाळिशीत प्रथमच पाण्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी कोणती व्यवस्था आहे आणि तिचा भार किती, याची सार्वजनिक चर्चा क्वचितच होते. महानगरांत प्रौढांसाठी सकाळच्या तुकड्या, क्लबांचे सभासदत्व आणि वैयक्तिक प्रशिक्षक उपलब्ध आहेत. जबलपूर जिल्ह्यातील कुंडमसारख्या आदिवासीबहुल तालुक्यातून पाहिले, तर याच व्यवस्थेच्या मर्यादा ठळकपणे जाणवतात.

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 38 हजारांहून अधिक व्यक्तींचा बुडून मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 2021 मधील जागतिक मृत्यूंची संख्या सुमारे 3 लाख नोंदवली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर 2023 मध्ये बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. तरीही प्रौढाने पोहणे शिकणे ही आजही बव्हंशी ज्याच्या त्याच्या ऐपतीची बाब राहिली आहे.

क्लबाचे शुल्क अधिक का असते, याचे उत्तर प्रशिक्षकाच्या मानधनापेक्षा तलावाच्या गणितात सापडते. 25 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे 5 लाख 60 हजार लिटर पाणी मावते. हे सर्व पाणी दर सहा तासांनी एकदा गाळायचे ठरवले, तर पंपांना ताशी 90 हजार लिटरांहून अधिक पाणी खेळवावे लागते. उन्हाळ्यात दिवसाला 7 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी रोज अडीच हजार लिटरांहून अधिक पाण्याची भर घालावी लागते. वीज, क्लोरीन, पाण्याची नियमित तपासणी, स्वच्छता आणि जीवरक्षकांचे वेतन हे खर्च पाण्यात सहा जण असोत वा साठ, फारसे बदलत नाहीत. साहजिकच सभासद कमी असलेल्या तलावात प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार वाढतो.

प्रशिक्षणाचा खर्च याहून वेगळा असतो. उदाहरणादाखल, रोज एक तास देणाऱ्या प्रशिक्षकाचे मासिक मानधन 12 हजार रुपये धरल्यास सहा जणांच्या तुकडीत प्रत्येकी 2 हजार रुपये पडतात. एकट्याने शिकणाऱ्यास पूर्ण 12 हजार मोजावे लागतात. प्रौढ नवशिक्यापुढील पहिली अडचण वेगाची नसून भीतीची आणि श्वासाची असते. पाण्यात श्वास सोडणे, तरंगणे आणि पुन्हा पायांवर उभे राहणे साधेपर्यंत लहान तुकडी व उथळ पाणी आवश्यक ठरते. त्यानंतर मोठ्या तुकडीत सराव करता येतो. आरंभीचे काही आठवडे वैयक्तिक लक्ष आणि पुढे सामूहिक सराव, अशी विभागणी केल्यास खर्च आटोक्यात राहतो.

सभासदत्व घेताना शुल्काइतकेच महत्त्व पात्रतेला द्यावयास हवे. पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालवते, तर पुण्यातील राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. शिकवणे आणि पाण्यावर नजर ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. एकच व्यक्ती एकाच वेळी दोन्ही सांभाळत असेल, तर ती काटकसर नसून जोखीम आहे. करआकारणीतही फरक पडतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांनी दिलेल्या क्रीडा प्रशिक्षणास वस्तू व सेवा करातून सूट आहे. क्लबांच्या सभासद शुल्कावर मात्र सर्वसाधारणपणे 18 टक्के कर लागतो.

कुंडमच्या रहिवाशासाठी यात आणखी एका खर्चाची भर पडते. जबलपूर शहर येथून सुमारे 50 किलोमीटर दूर आहे. आठवड्यातून तीन दिवस सरावासाठी ये-जा केल्यास महिन्याला 1,200 किलोमीटरचा प्रवास होतो. दुचाकी लिटरमागे 50 किलोमीटर धावते असे मानले, तर 24 लिटर पेट्रोल लागते; शंभरीपार गेलेल्या दरांत हा खर्च 2,400 रुपयांहून अधिक होतो. वर उदाहरणादाखल घेतलेल्या तुकडीच्या शुल्कापेक्षाही ही रक्कम मोठी आहे. पाण्याची मात्र येथे वाण नाही. नर्मदेला मिळणारी हिरण नदी याच परिसरात उगम पावते.

यावर उपाय प्रत्येक तालुक्यात भव्य तलाव बांधण्याचा नाही. मुंबई महानगरपालिका उन्हाळ्यात 21 दिवसांची प्रशिक्षण सत्रे घेते. वर्षभराच्या सभासदत्वाऐवजी ठरावीक मुदतीचे शुल्क आकारण्याचा हा मार्ग जबलपूरसारख्या शहरांतील तलावांनाही ग्रामीण प्रौढांसाठी अनुसरता येईल. सलग मुक्कामी शिबिर घेतल्यास रोजचा प्रवासही वाचेल. बांगलादेशात मुलांसाठी गावतळ्यांत बांबूचे मंच उभारून स्थानिक प्रशिक्षकांकरवी पोहणे शिकवले जाते. पावसाळा वगळून, खोली ठाऊक असलेल्या संथ पाण्यात आणि प्रशिक्षित जीवरक्षकाच्या उपस्थितीत, प्रौढांसाठीही अशी व्यवस्था विचारात घेता येईल. गावातीलच काही तरुण-तरुणींना जीवरक्षणाचे प्रशिक्षण देणे ही त्यातील पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी ठरेल.

क्लबाच्या पावतीवरील रक्कम मुख्यतः बांधीव तलावाची किंमत सांगते. पाण्यात जीव वाचवणारे कौशल्य त्याहून कितीतरी कमी खर्चात देता येते. ते कोणी द्यायचे, हे ठरेपर्यंत नदीकाठच्या प्रौढांची सुरक्षितता दैवाच्या हवाली राहील.