अल्ट्रा-वाइड प्राइम लेन्स घेताय? आधी कुठली तडजोड चालेल ते ठरवा

२०२५ च्या पावसाळ्यात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. ऑगस्टमध्ये सिग्माने १२ एमएम एफ १.४ ही लेन्स जाहीर केली. इतकी वाइड, इतका प्रकाश आत घेणारी, आणि वजन सोनी माउंटमध्ये फक्त २२५ ग्रॅम. पुढच्याच महिन्यात ॲपलने आयफोन एअर आणला आणि त्याच्या मागे एकच कॅमेरा ठेवला. म्हणजे ०.५एक्सचा पर्यायच गायब.

फोन पातळ करायचा म्हटल्यावर कुऱ्हाड पडली ती अल्ट्रा-वाइडवर. आणि तिकडे कॅमेऱ्यांच्या दुनियेत याच लेन्स कधी नव्हे इतक्या लहान आणि आवाक्यातल्या होतायत. साहजिकच पहिला मिररलेस कॅमेरा घेतलेल्या पोरापोरींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किट लेन्स आहे, आता वाइड कुठली घेऊ?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अल्ट्रा-वाइडमध्ये प्रत्येक लेन्स काही ना काही सोडून देते. कंपनी फक्त ती तडजोड कुठे ठेवायची ते ठरवते: वजनात, किमतीत, कोपऱ्यांत, की सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे ‘सगळ्यात भारी कुठली’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘यातली कुठली तडजोड माझ्या फोटोंत दिसणार नाही’ हे शोधा.

फोनमध्ये ०.५एक्स असताना वेगळी लेन्स कशाला?

फोनचा ०.५एक्स कॅमेरा कोनाच्या बाबतीत कमी नाही. बऱ्याच फोनमध्ये तो सुमारे १२० अंश बघतो. सिग्माची १२ एमएम बघते साधारण १०० अंश. म्हणजे फोन उलट जास्तच वाइड.

फरक आहे तो सेन्सरचा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला मोठा सेन्सर मिळतो आणि अल्ट्रा-वाइडच्या वाट्याला उरलेला लहान येतो. १/३ इंची सेन्सर धरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस मिलिमीटर. सोनी झेडव्ही-ई१० सारख्या एपीएस-सी कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे वीसपटीहून मोठा. दुपारच्या उन्हात हा फरक फोन सहज लपवतो. गणपतीच्या मांडवात संध्याकाळी किंवा गडावर रात्री मात्र ०.५एक्सचा फोटो वॉटरकलरसारखा पुसट का होतो, त्याचं उत्तर इथे आहे. स्वस्त फोनमध्ये तर या कॅमेऱ्याला बहुतेकदा ऑटोफोकसही नसतो.

थोडक्यात, तुमचे वाइड फोटो दिवसाचे आणि इन्स्टापुरते असतील तर फोन पुरेसा आहे. लेन्सचा विचार अंधारासाठी किंवा मोठ्या प्रिंटसाठी करायचा.

लेन्स अचानक लहान कशा झाल्या?

याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

पहिलं कारण सॉफ्टवेअर. पूर्वी सरळ भिंत सरळ दिसावी म्हणून लेन्समध्ये जादा काचा घालाव्या लागत. आता लेन्स रेषा वाकवून देते आणि कॅमेरा त्या सरळ करतो. कॅननची २०२१ मधली आरएफ १६ एमएम एफ २.८ हे याचं ठळक उदाहरण. ती फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठीची असूनही वजन फक्त १६५ ग्रॅम. पण तिची रॉ फाइल करेक्शन बंद करून उघडली की रेषा पिंपासारख्या फुगलेल्या आणि कोपरे काळे दिसतात. तयार फोटोत हे काही कळत नाही, कारण कोपरे ताणून, कापून फ्रेम भरलेली असते.

ही फसवणूक नाही. मिळणारं हलकं वजन खरंच उपयोगाचं आहे. पण ताणलेल्या कोपऱ्यातला तपशील मधल्या भागाइतका कधीच नसतो. कोपऱ्यातल्या अंधाराचंही तसंच. समजा कोपरे दोन स्टॉप काळे आहेत आणि तुम्ही आयएसओ ३२०० वर फोटो काढला. सॉफ्टवेअरने कोपरे उजळले की तिथला नॉइज आयएसओ १२८०० सारखा होतो. दिवसा कुणाला कळणारही नाही. आकाशगंगेच्या फोटोत लगेच कळेल.

दुसरं कारण म्हणजे माउंट उघडले गेले. सोनीने ई-माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना द्यायला सुरुवात केली, म्हणून त्या माउंटवर आज पर्यायांची रांग आहे. कॅननने आरएफ माउंट बरीच वर्षं घट्ट धरून ठेवला आणि २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला वाट दिली, तीही एपीएस-सी लेन्सपुरती. सिग्माची नवी १२ एमएम सोनी, फुजीफिल्म आणि कॅनन अशा तिन्ही माउंटमध्ये येते ती याच बदलामुळे. तेव्हा बॉडी घेतानाच पुढच्या लेन्स बघून ठेवा. बॉडी बदलता येते. पण एकदा तीन लेन्स जमल्या की माउंट बदलणं खिशाला झेपत नाही.

चार लेन्स, चार तडजोडी

सोनीचा एपीएस-सी कॅमेरा धरून चालू. फोकल लेंग्थला १.५ ने गुणलं की फुल-फ्रेमच्या भाषेतला आकडा मिळतो.

सिग्मा १२ एमएम एफ १.४ (१८ एमएमच्या बरोबरीची): प्रकाशात ही सगळ्यांच्या पुढे. तडजोड किमतीत आणि कोनात. अमेरिकेतली जाहीर किंमत ५७९ डॉलर होती. सेल्फी व्हिडिओत स्टॅबिलायझेशन चालू केलं की फ्रेम आणखी कापली जाते, तेव्हा १८ कमी वाटू शकतं.

सोनी ११ एमएम एफ १.८ (१६.५ ची): २०२२ ची लेन्स, वजन १८१ ग्रॅम. थोडी जास्त वाइड, व्लॉगसाठी सोयीची. सिग्माच्या तुलनेत प्रकाश मात्र कमी. एफ १.४ वर एफ १.८ पेक्षा साधारण १.६५ पट प्रकाश मिळतो.

व्हिलट्रॉक्स ९ एमएम एफ २.८ एअर (१३.५ ची): २०२५ ची. कोन जवळपास फोनच्या ०.५एक्सइतका, वजन सुमारे १७५ ग्रॅम, अमेरिकेतली किंमत १९९ डॉलर. वाड्यातली लहान खोली, देवळाचा गाभारा, बाइकवरचा व्हिडिओ यासाठी मजा आहे. पण एफ १.४ च्या तुलनेत प्रकाश एक चतुर्थांश. रात्रीच्या आकाशासाठी मी हिची शिफारस करणार नाही.

सॅमयांग १२ एमएम एफ २: जुनी, पूर्ण मॅन्युअल फोकसची लेन्स. तारे टिपायला ऑटोफोकस तसाही कामाचा नसतो, त्यामुळे सेकंडहँड चांगली मिळाली तर विद्यार्थ्यांसाठी शहाणपणाचा सौदा. घरच्या लग्नात धावपळ करत वापरायची असेल तर डोक्याला ताप.

प्राइमच का, झूम का नको?

पूर्वी सरळ उत्तर होतं: प्राइम हलकी असते. आता ते तितकं खरं राहिलेलं नाही. सिग्माचीच १०-१८ एमएम एफ २.८ झूम २६० ग्रॅमची आहे, म्हणजे १२ एमएम प्राइमपेक्षा फक्त ३५ ग्रॅम जड. दिवसा फिरणाऱ्या माणसासाठी ती जास्त कामाची.

त्यामुळे अल्ट्रा-वाइड प्राइम घेण्याचं एकच ठोस कारण उरतं, ते म्हणजे प्रकाश. हिशोब करून बघा. तारे रेघांसारखे न दिसता ठिपके दिसावेत म्हणून ५०० ला फुल-फ्रेम फोकल लेंग्थने भागायची ढोबळ पद्धत आहे. किट लेन्सच्या १६ एमएमवर, म्हणजे २४ वर, २० सेकंद मिळतात. सिग्मा १२ वर सुमारे २८. वर किटच्या एफ ३.५ च्या तुलनेत एफ १.४ वर दर सेकंदाला सहापट प्रकाश. हरिश्चंद्रगडावर जानेवारीच्या थंडीत तंबूबाहेर बसणाऱ्याला हा फरक कळतो. फक्त एक बघा: पूर्ण उघड्या ॲपर्चरवर कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे तर दिसत नाहीत ना? याला कोमा म्हणतात आणि तो सॉफ्टवेअरने नीट जात नाही. रिव्ह्यू बघताना मधला भाग सोडा, कोपऱ्यातले तारे बघा.

लाखभर दिले तरी न जाणारी तडजोड

काही गोष्टी लेन्सचा दोष नसतात, ती भूमिती असते. सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच. १०० अंशांच्या लेन्समध्ये अगदी कोपऱ्यातला गोल चेंडू लांबीला रुंदीच्या दीडपटीहून जास्त दिसतो. चेंडूच्या जागी तुमची मावशी उभी असेल तर फॅमिली ग्रुपवर काय होईल ते मी सांगायला नको. ग्रुप फोटोत माणसं मध्ये घ्या, कडेला खांब-भिंती राहू द्या.

दुसरं, वाइड लेन्स दूरचं लहान करते. कोकणकड्यावर उभं राहून समोरचे डोंगर ‘सगळे मावले’ की फोटोत ते टेकड्यांएवढे दिसतात. जवळ एखादा दगड, झुडूप, बसलेला मित्र असेल तरच खोली येते. बऱ्याच जणांचा वाइड लेन्सवरचा राग खरं तर इथे असतो, आणि महागडी लेन्स त्यावर इलाज नाही.

मग घ्यायची की नाही?

पैसे भरण्याआधी फोनची गॅलरी उघडा. गेल्या वर्षभरातले ०.५एक्सचे फोटो बाजूला काढा आणि त्यातले किती आजही आवडतात ते मोजा. दहासुद्धा निघाले नाहीत तर तुम्हाला लेन्सची नाही, वाइडमध्ये बघायच्या सवयीची गरज आहे. ती फोनवर फुकटात लागते.

आवडते फोटो भरपूर असतील तर बघा, ते कुठल्या वेळी बिघडलेत. रात्री बिघडले असतील तर एफ १.४ किंवा एफ १.८ ची प्राइम. दिवसाचे, पण क्रॉप किंवा प्रिंट करताना कमी पडत असतील तर झूम. खोलीत मागे सरकायला जागाच नसते, ही अडचण असेल तर ९ एमएम.

शेवटची गोष्ट, पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ईएमआय सुरू करण्याआधी एक शनिवार-रविवार लेन्स भाड्याने घ्या, रॉ फाइल काढा, करेक्शन बंद करून एकदा आणि चालू करून एकदा बघा. तुमच्या लेन्सने काय सोडून दिलंय ते दहा मिनिटांत स्क्रीनवर दिसेल. ते बघूनही फोटो आवडला तर बिनधास्त घ्या.