झोक्याखालचा खड्डा

आमच्या भागातल्या बागेत चार झोके आहेत आणि त्यांच्याखाली चार खड्डे. पोरांच्या पायांनी माती उकरली जाते, पावसाळ्यात तिथं तळं साचतं, आणि झोका रिकामा असूनही आया पोरांना मागं ओढतात. दरवर्षी दोन घमेली मुरूम पडतो, दरवर्षी वाहून जातो. माळीकाका बिचारे शिव्या खातात. आखणाऱ्यानं उतारच झोक्यांकडे काढलाय, त्याला ते काय करणार?

बाग आखायची म्हणजे झाडं लावायची, असा आपला समज. झाडांची पाळी फार उशिरा येते. आधी जमिनीचा चढउतार, पाण्याची वाट, मातीची खोली, कोणत्या वेळी ऊन कुठं. मुंबईचं हँगिंग गार्डन मलबार हिलवरच्या पाण्याच्या टाकीच्या छतावर आहे. तिथं हौसेनं वड लावून कसं चालेल?

या कामासाठी शिक्षण बरंच लागतं. बारावीला गणित, मग ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा, पाच वर्षं आर्किटेक्चर, त्यावर दोन वर्षं लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण. पुण्या-अहमदाबादेत सोय आहे. पालिकांच्या उद्यान खात्यात बहुधा कृषी किंवा उद्यानविद्येचे पदवीधर भेटतात. एकाला नकाशा येतो, दुसऱ्याला माती कळते. दोघं एका टेबलावर कधी बसतात, कोण जाणे!

गंमत म्हणजे ज्याला या धंद्याचा आद्यपुरुष मानतात, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडकडे यातली एकही पदवी नव्हती. खलाशी झाला, शेती केली, पत्रकारिता केली. 1858 मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुरचनाकाराबरोबर त्यानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. बाग आडवी ओलांडणारे चार रस्ते त्यांनी चक्क खाली दाबले. घोडागाड्या खालून, फिरणारे वरून. आज तिथून मोटारी जातात, तरी हिरवळीवर बसलेल्याला त्या फारशा दिसत नाहीत. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की आधी कारंजं बसतं, मग पेव्हर ब्लॉक, मग कारंजं बंद पडतं.

तुमच्या वॉर्डात बागेचा आराखडा लागला, हरकती-सूचना मागवल्या, तर जरूर जा. प्रवेशद्वार केवढं, ते सोडून द्या. एप्रिलात दुपारी चारला बाकावर सावली असेल का आणि झोक्याखालचं पाणी कुठं जाईल, एवढं मात्र विचारा.