ऐकीव आणि लिखित : एका तुच्छतेचा समाचार

मराठीत ‘ऐकीव’ हा शब्द निंदाव्यंजक आहे. ऐकीव माहिती म्हणजे अविश्वसनीय माहिती. ऐकीव ज्ञान म्हणजे उसने ज्ञान. साक्षीपुराव्याच्या क्षेत्रात या भेदाला अर्थ आहे. परंतु आमच्या वाङ्मयसमीक्षेने तो कोणतीही चिकित्सा न करता मूल्यनिकष म्हणून स्वीकारला आहे, आणि त्याचा प्रत्यय अलीकडे चर्चासत्रांतून, विशेषतः दोन सत्रांमधल्या चहापानातून, वारंवार येतो. बराच काळ खंडित झालेले आपले कथालेखन पॉडकास्ट ऐकता ऐकता पुन्हा सुरू झाले, असे एखाद्या कथाकाराने सांगितले की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक सभ्य हसू उमटते. वाचून लिहिते झालो असे म्हणणे प्रतिष्ठेचे. ऐकून लिहिते झालो असे म्हणणे म्हणजे जणू आळसाची कबुली. प्रस्तुत लेखाचा रोख या हसण्यावर आहे. ते हसू निरुपद्रवी नाही. त्यामागे साहित्यनिर्मितीविषयीची एक अपुरी कल्पना आहे आणि तिची किंमत मराठी कथात्म साहित्य मोजत आहे.

प्रथम इतिहासाकडे पाहू. मराठी गद्याचा आरंभ म्हणून जो ग्रंथ आपण पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, तो ‘लीळाचरित्र’ हा आद्यन्त ऐकण्यातून निर्माण झालेला ग्रंथ आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या त्यांना गाठून, नागदेवाचार्यांना विचारून, म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास त्या शब्दबद्ध केल्या. मूळ प्रत धाडीत नष्ट झाल्यावर अनुयायांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. त्यातील वाक्यांचा आखूडपणा, संवादांची लगबग, क्रियापदावर येऊन थांबणारा श्वास यांचे आपण वाङ्मयीन विशेष म्हणून कौतुक करतो. हे विशेष कानाने घडवलेले आहेत, हे मात्र सांगत नाही. इ. स. १२९० मध्ये नेवाशास सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ तर श्रोत्यांना सतत संबोधणारी, त्यांची मनधरणी करणारी, त्यांच्या अवधानाची याचना करणारी संहिता आहे. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील पहिलाच समास श्रवणभक्तीचा आहे. आणि हे सारे मध्ययुगीन म्हणून बाजूस सारावयाचे असेल, तर १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या ‘श्यामची आई’कडे पाहावे. या पुस्तकातील प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही. त्या ‘रात्री’ आहेत. सांगणारा एक आणि ऐकणारे काही सोबती, ही त्या कथनाची केवळ चौकट नव्हे. तो त्याचा प्राण आहे. थोडक्यात, ज्या परंपरेचे वारसदार म्हणून आपण मिरवतो ती परंपरा कानाने लिहीत आली आहे.

मग ही तुच्छता आली कोठून? माझ्या मते ती आपल्या आधुनिक समीक्षेच्या गाभ्यातून आली. १९४५ नंतरच्या नवकथेची मांडणी करताना समीक्षेने ज्या गुणांना प्राधान्य दिले ते प्रतिमासृष्टी, संज्ञाप्रवाह, कालक्रमाची मोडतोड, अनुभवाची घनता असे होते. हे गुण खरेच मोलाचे आहेत. परंतु ते मूक वाचकाला, मागे जाऊन पुन्हा वाचू शकणाऱ्या वाचकाला गृहीत धरतात. या गृहीताचा पुढे नियम झाला. कथा ही पाहण्याची वस्तू ठरली. तिचा आवाज हा बोलीभाषेच्या नोंदीपुरता, ‘ग्रामीण’ किंवा ‘दलित’ या कप्प्यांत टाकण्यापुरता उरला. नवकथेच्या चौघा प्रमुख शिल्पकारांपैकी व्यंकटेश माडगूळकरांची कथा आज मोठ्याने वाचली तरी तोल सोडत नाही. माडगूळकरांनी दीर्घकाळ पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण श्रोत्यांसाठी काम केले होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. परंतु तो तपासण्याजोगा प्रश्न आहे, असेही आमच्या समीक्षेला फारसे वाटले नाही, हे बोलके आहे. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर जो गदारोळ झाला तो अश्लीलतेच्या मुद्द्यावर झाला, नाक्यावरच्या पोराचा सांगण्याचा सूर कादंबरीभर टिकवण्यात जे निवेदनकौशल्य आहे, त्याची चर्चा त्या मानाने दुय्यम राहिली.

या पार्श्वभूमीवर पॉडकास्टचा विचार करावयास हवा. हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ‘द गार्डियन’मधील लेखात प्रथम वापरला. तंत्र म्हणून त्यात काही गूढ नाही. ध्वनिमुद्रित मजकूर आपल्या सोयीच्या वेळी उतरवून ऐकणे, एवढेच ते आहे. परंतु श्रवणाची जी अवस्था त्यातून निर्माण होते ती सैद्धान्तिकदृष्ट्या नवी आहे. वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या संदर्भात ‘दुय्यम मौखिकता’ ही संकल्पना मांडली आणि ही मौखिकता विशाल समूहाची जाणीव निर्माण करते, असे प्रतिपादन केले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित होत असताना ठरलेल्या वेळी एकत्र येऊन ऐकणारी घरे डोळ्यांसमोर आणली, तर ऑन्ग यांचे म्हणणे पटते. पॉडकास्टचा श्रोता मात्र समूहात नाही. त्याच्या कानात यंत्र आहे, वेळ त्याने निवडलेली आहे, शेजारच्या प्रवाशाला काहीही ऐकू येत नाही. म्हणजे येथे आवाज मौखिक परंपरेचा आहे आणि एकांत मुद्रित ग्रंथाचा. आवाज व एकांत यांचे असे संयोजन एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी नव्हते. कथाकाराच्या दृष्टीने याचे महत्त्व कोणते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर देण्यासाठी कथाकार लिहिण्याचे का थांबवतो, हे पाहावे लागेल. अनुभव संपला, प्रतिभा आटली, ही उत्तरे भाबडी आहेत. विद्यापीठात साहित्य शिकवणाऱ्या लेखकापुरते बोलायचे तर कारण वेगळे असते. त्याचा श्रोता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी परीक्षक येऊन बसतो. मी विशीत कथा लिहिल्या, त्या नियतकालिकांतून छापूनही आल्या. पुढे निवेदनमीमांसेवर प्रबंध झाला, आणि नंतरची अकरा वर्षे एकही कथा पूर्ण झाली नाही. प्रत्येक वाक्यासोबत त्याची समीक्षा मनात उमटत असे. निवेदकाचे स्थान, केंद्रीकरण, संहितान्तर्गत वाचक हे सारे वाक्याच्या आधीच हजर असे. नव्या सिद्धान्तांना मी दोष देत नाही. त्यांनी मला वाचायला शिकवले. परंतु ‘हे कोणाला सांगायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्त देऊ शकत नाहीत. ‘गर्भित वाचक’ ही संकल्पना आहे. तो मान डोलावत नाही, कंटाळत नाही, ‘मग काय झाले?’ असे विचारत नाही. त्यातच २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांच्या कामाचे जे गुणांकन सुरू झाले, त्याने शोधनिबंधांची मोजदाद हाच आमच्या लेखनाचा दैनंदिन धर्म करून टाकला.

रोजच्या दोन तासांच्या एसटी प्रवासात मी जे ऐकत गेले त्यात ‘द न्यूयॉर्कर’चा कथाविषयक पॉडकास्ट होता. २००७ पासून तो चालू झाला. त्याची रीत साधी आहे : एक हयात कथाकार त्या साप्ताहिकाच्या संग्रहातून दुसऱ्या कोणाची तरी कथा निवडतो, ती संपूर्ण वाचतो आणि कथाविभागाच्या संपादक डेबोरा ट्राइस्मन यांच्याशी तिच्याविषयी बोलतो. यात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे, वाक्याची लांबी डोळ्याऐवजी श्वासाने मोजली जाऊ लागली. कानाला मागे जाणे अवघड. म्हणून निवेदकाला धागा हातात ठेवावा लागतो, नाव पुन्हा घ्यावे लागते, पालुपद योजावे लागते. जी पुनरुक्ती मी विद्यार्थ्यांच्या निबंधांतून लाल शाईने खोडत आले, ती कथनाची गरज म्हणून पुन्हा समजली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एका लेखकाने दुसऱ्याची कथा निवडून वाचणे ही प्रेमाची कृती आहे, आणि त्यानंतरची चर्चा त्या प्रेमातून निघते. समीक्षा अशीही असू शकते, हे ऐकल्यावर माझ्या मनातला परीक्षक थोडा सरकून बसला. पुढे मराठी कथांची श्राव्य रूपे ऐकली. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आल्यापासून ती विपुल उपलब्ध झाली. गेल्या तीन वर्षांत माझ्या चार कथा पूर्ण झाल्या. त्या चांगल्या आहेत की नाहीत हे इतरांनी ठरवावे; त्या झाल्या, एवढेच येथे प्रमाण म्हणून पुरेसे आहे.

येथे दुसऱ्या एका पक्षाचाही समाचार घेणे आवश्यक आहे. श्रवणाचे जे उत्साही पुरस्कर्ते आहेत, त्यांना पॉडकास्ट हे प्रेरणेचे दुकान वाटते. कथा लिहिण्याच्या पाच युक्त्या, यशस्वी लेखकाची दिनचर्या, पहाटे उठण्याचे फायदे असा मजकूर ऐकून लेखक लिहिता होतो, असा त्यांचा समज. असे ऐकणे हे लिहिण्याला पर्याय ठरते. लेखनाविषयी ऐकून लेखन केल्याचे समाधान मिळते, आणि कागद कोराच राहतो. लेखकाला लिहिते करते ती कथा. कथेविषयीचा उपदेश हे काम करीत नाही. वारकऱ्याने कीर्तनातला उत्तररंग सोडून केवळ बुक्का लावून घरी परतावे, तसा हा प्रकार आहे.

आता आक्षेप. सर्वांत गंभीर आक्षेप असा की, मराठीने श्राव्य कथेचा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर यांनी कथाकथनाला लोकमान्यता मिळवून दिली, व. पु. काळे यांनी ते घराघरांत नेले. परंतु त्यातून कथा टाळ्यांच्या आणि हशाच्या अधीन झाली, असे गंभीर समीक्षक म्हणत आले आहेत. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र त्याचे कारण आवाज नव्हे, सभागृह होय. हजार माणसे समोर असली की शांतता कथाकाराला भिववते आणि तो विनोदाकडे वळतो. कानातल्या यंत्रापुढे सभागृह नाही. तेथे दीर्घ शांतता चालते, संथपणा चालतो, संदिग्ध शेवट चालतो. दुसरा आक्षेप असा की, वाचणाऱ्याचा आवाज संहितेवर एकच अर्थ लादतो. लादतो, हे खरे. नटही नाटकावर अर्थ लादतो. म्हणून नाट्यसमीक्षेने प्रयोगाकडे पाठ फिरवली नाही, उलट प्रयोगाच्या समीक्षेची परिभाषा घडवली. श्राव्य कथेच्या बाबतीत तशी परिभाषा घडवण्याचे काम कोणाचे? ज्यांच्या ओठांवर ते सभ्य हसू आहे त्यांचेच.

आणि ते काम टाळण्याची किंमत मोठी आहे. लघुकथा हा गौण प्रकार असल्याचे मत भालचंद्र नेमाडे यांनी ठासून मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाला, परंतु कथेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तिच्या सर्वांत प्राचीन सामर्थ्याचा, सांगितले जाण्याचा, आधार क्वचितच घेतला. तो आधार आज बाजाराने घेतला आहे. कोणती कथा ऐकली जावी, किती मिनिटांची असावी, कोठे उत्कंठा ताणावी हे व्यापारी संस्था ठरवत आहेत, आणि समीक्षा त्या दालनात पाऊलच टाकत नाही. नियतकालिकांतून कथासंग्रहांची परीक्षणे येतात. एखाद्या कथेच्या श्राव्य रूपाचे साक्षेपी परीक्षण किती जणांनी वाचले आहे? पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘लीळाचरित्र’ आहे, पण त्यातली एक लीळा वर्गात मोठ्याने वाचून घेण्याची सक्ती नाही.

म्हणून माझी मागणी माफक आहे. मराठी विभागांनी कथेच्या अध्यापनाचा पहिला तास वाचून दाखवण्यासाठी राखावा. वाङ्मयीन नियतकालिकांनी श्राव्य साहित्याच्या परीक्षणाला नियमित जागा द्यावी. आणि लिहिणे थांबलेल्या कथाकाराने काही काळ ऐकावे. प्रेरणा मिळावी म्हणून नव्हे, तर आपण ज्याला सांगत होतो तो कोण, हे त्याला पुन्हा आठवावे म्हणून. एवढे झाल्यावरही कोणास हसावेसे वाटले तर त्याने खुशाल हसावे. मात्र त्याआधी आपल्या आवडीची एक कथा त्याने कोणाला तरी, मोठ्याने, शेवटपर्यंत वाचून दाखवावी.