उखळाला बांधलेले बालपण

वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. सायंकाळी मुलींचा मेळा घरोघर जातो, गाणी म्हणतो, डब्यातला खाऊ ओळखतो आणि पुढच्या दारी वळतो. कोणते घर कोणाचे, कोणत्या गल्लीत कुत्रे अंगावर येते, कोणती आजी हात सैल सोडते, हे ज्ञान या फेरीतूनच होत असे. आज वाशिम जिल्ह्यातील मालेगावात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: ‘अंधारात पोरींना कशाला पाठवायचे?’

प्रश्न निराधार नाही. अकोल्याहून मेडशी, मालेगाव, वाशिममार्गे नांदेडकडे जाणाऱ्या महामार्गावरून अवजड वाहने धावतात. शिवारात उघड्या विहिरी आहेत, शेततळी आहेत. परंतु विहिरीला कठडा बांधणे, मुलांना पोहणे शिकविणे, वस्तीतील वाहनांना वेसण घालणे ही कामे मोठ्यांची. ती टाळायची आणि शिक्षा मात्र लेकरांना घरात कोंडून द्यायची, हा कोणता न्याय? रस्त्यावर बालकांचे बळी जाऊ लागले तेव्हा १९७० च्या दशकात हॉलंडमधील आई-बापांनी मुलांना घरात बसविले नाही. ते स्वतः रस्त्यावर उतरले आणि निवासी गल्ल्यांतील वाहनांचा वेग त्यांनी कमी करायला लावला.

पाश्चात्त्यांकडे तरी कशाला पाहायचे? आमच्या ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात कुरणशाळा चालविली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात गेली. झाड, ओढा, दगड हीच तिथली पाठ्यपुस्तके. त्याच महाराष्ट्रात आज शाळेची गाडी, शिकवणी आणि बंद दार या त्रिकोणात मूल फिरते. मग ते मोबाईलला चिकटले की आपण मोबाईलला शिव्या देतो! दार आधी बंद झाले, मोबाईल नंतर हाती आला, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. आपल्या गावातील किती शाळांत ते खरोखर खेळण्याजोगे आहे, हे किती पालकांनी जाऊन पाहिले? मोकळी जागा भूखंड होऊन विकली जाताना किती जणांनी नगरपंचायतीला जाब विचारला? शेजारच्या आळीत एकटी न गेलेली मुलगी अठराव्या वर्षी पुण्याच्या वसतिगृहात पाठविली जाते. तिला माणसे पारखायला कोणी, केव्हा शिकविले?

यशोदेनेही कृष्णाला उखळाला बांधले होते. पण घटकाभर, आणि तेही खोडीबद्दल. एरवी तो गोपाळांसह रानोमाळ हिंडला, म्हणून गोकुळ त्याचे झाले. ज्या मुलाने आपले गाव पायी पाहिलेच नाही, त्याच्याकडून उद्या गावासाठी, देशासाठी झिजण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? भूमीवरचे प्रेम भाषणांतून येत नाही, ते तळव्यांतून वर चढते. यंदा भुलाबाई बसेल तेव्हा आई-बापांनी हवे तर चार पावले मागून चालावे. पण दार उघडावे.