सर्टिफिकेट ४७ दिवसांचं होणार, पण तुमचा सर्व्हर आपोआप चालू होणार का?

साइट उघडताना मोबाइलवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा तुम्ही कधीतरी पाहिला असेल. बऱ्याचदा त्यामागे मुदत संपलेलं टीएलएस सर्टिफिकेट असतं. आता ही मुदतच कमी होतेय. एप्रिल २०२५ मध्ये सीए/ब्राउझर फोरमने ॲपलचा प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २००, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस.

निर्णय चांगला आहे. की चोरीला गेली तरी चोराला ती फार दिवस वापरता येत नाही. पण वर्षातून एकदा होणारं काम आता सुमारे आठ वेळा होणार, म्हणजे ते आपोआपच व्हायला हवं. माझ्या मते खरी अडचण सर्टिफिकेट मिळवण्यात नाही. ते बदलल्यावर सर्व्हर कोणाच्या मदतीशिवाय चालू होतो का, हा प्रश्न आहे.

‘हाताने चालू केला की चालतो, सर्व्हिस म्हणून नाही’ ही तक्रार जुनीच आहे. कारणं साधारण ही:

१. की फाइलला पासवर्ड आहे. टर्मिनलवर तो आपण टाकतो, सर्व्हिससमोर टाकायला कोणी बसलेलं नसतं. विंडोजवर तर अपाचीची पासवर्ड विचारण्याची नेहमीची सोय चालतच नाही.

२. सर्व्हिस वेगळ्या खात्याखाली चालते आणि त्या खात्याला की वाचायची परवानगी नाही.

३. नवीन सर्टिफिकेट आलं, पण की जुनीच राहिली. जोडी जुळत नाही.

४. पोर्ट ४४३ आधीच अडलाय. कधीकधी तर हाताने चालू केलेली आपलीच प्रत तिथे बसलेली असते.

त्यामुळे पुन्हा पुन्हा रीस्टार्ट मारण्याआधी लॉग वाचा. लिनक्सवर जर्नल, विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअर आणि सर्व्हरचा स्वतःचा एरर लॉग. मग कॉन्फिग टेस्ट करा. ती पास झाली तरच रीलोड करा. रीस्टार्टमध्ये जुना सर्व्हर आधी बंद होतो, त्यामुळे नवा उठला नाही तर साइटच बंद. एनजिनएक्समध्ये मात्र रीलोड करताना कॉन्फिग चुकलं तर जुनंच चालू राहतं. कीचा पासवर्ड काढणार असाल, तर ती फाइल फक्त ज्याला गरज आहे त्याच खात्याला वाचता येईल असं बघा.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी टीम असते. फटका बसेल तो कॉलेजच्या, छोट्या दुकानांच्या साइटना, जिथे ‘तो एक मुलगा’ सगळं बघतो. भरीस भर म्हणजे लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद केलेत. तो मुलगा किंवा मुलगी तुम्हीच असाल, तर या आठवड्यात सर्व्हर एकदा ठरवून रीबूट करा आणि हात न लावता तो उठतो का ते बघा.

आणि फक्त साइट वापरत असाल, तर इशारा दिसल्यावर आधी फोनची तारीख तपासा. ती बरोबर असेल, तर तिथे पासवर्ड टाकू नका.