बोडीच्या काचेला नाक लावून

कॅलिफोर्नियातल्या बोडी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या पाचेक किलोमीटरवर डांबर नाही. धूळ खात पोचलं की बंद घरांच्या काचांना नाक लावायचं. आत टेबलावर बशा, दुकानाच्या फळ्यांवर डबे, शाळेत बाकं, सगळं जागच्या जागी. 1859 मध्ये इथे सोनं सापडलं. ज्याच्या नावाने गाव वसलं, तो पहिल्याच हिवाळ्यात हिमवादळात गेला. 1880च्या सुमारास वस्ती आठ-दहा हजारांवर पोचली. मग सोनं आटलं, माणसं उठली, 1932च्या आगीत बरंचसं गाव जळालं.

1962 पासून हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. उरलेल्या शंभरेक वास्तू नव्या करायच्या नाहीत, फक्त पडू द्यायच्या नाहीत, असा इथला दंडक आहे. जुनं जपण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. कुणी आठवण म्हणून खिळा नाहीतर काचेचा तुकडा खिशात टाकतं, आणि पुढे क्षमापत्रासह टपालाने परत पाठवतं. अशी पत्रं तिथल्या संग्रहालयात ठेवलेली आहेत.

जाणार असाल तर उन्हाळ्यात जा. पाणी आणि शिदोरी सोबत घ्या.