पटावरचे मूल आणि फडावरचे मूल

दिवाळीच्या सुमारास साखरपट्ट्यात गळीत हंगामाची लगबग सुरू होते. माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे या पट्ट्यातील जुने नाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे ते साखरेच्या नकाशावर आले. आज पांडुरंग सहकारी साखर कारखानाही याच गावी आहे. बॉयलरचे अग्निप्रदीपन थाटात होते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि त्याच सुमारास बीडसारख्या दुष्काळी भागांतून ‘कोयते’ साखरपट्ट्यात येऊ लागतात. कोयता म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेले पती-पत्नीचे जोडपे. त्यांच्या मागे बैलगाडीत वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येते त्यांचे मूल. त्याची शाळा मात्र गावीच राहते.

या मुलाच्या ‘शैक्षणिक संपादना’विषयी विद्यापीठांतून परिसंवाद झडतात. तेथे प्रा. सुमा चिटणीस यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षणाच्या समाजशास्त्राचे संशोधन करणाऱ्या आणि पुढे महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या या विदुषीने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न घोषणेतून बाहेर काढून अभ्यासात आणला. १९७२ साली त्यांनी उच्च शिक्षणातील समतेचा प्रश्न मांडला. १९८१ साली पंधरा राज्यांतील माध्यमिक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रवेश मिळाला म्हणजे समता आली, ही सोयीची समजूत या संशोधनाने मोडून काढली. प्रवेश मिळालेला विद्यार्थी कोणत्या संस्थेत जातो, कोणत्या शाखेत जातो आणि तेथे काय मिळवतो, हा खरा प्रश्न आहे.

दुर्दैव असे की, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांचा प्रश्न घेतला नाही. पाहणी शाळेत पोहोचलेल्या विद्यार्थ्याची होते. जो पोहोचलाच नाही, त्याचे गुण कोण मोजणार? आणि शासनाला तर पटावरील आकडा पुरेसा वाटतो. तो आकडा किती पोकळ असू शकतो, हे ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीत महाराष्ट्राने पाहिले. कागदावर मुले होती, वर्गात नव्हती. ऊसतोड कामगाराचे मूल याच्या नेमके उलट आहे : ते प्रत्यक्षात आहे, पण ज्या गावी राहते तेथील कागदावर नाही.

कायद्याची उणीव आहे काय? मुळीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलास विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. उणीव आहे ती कोपीपर्यंत चालत जाणाऱ्या माणसाची.

‘यांच्या आईबापांनाच शिक्षणाची चाड नाही,’ असे म्हणणे सोपे आहे. ज्यांनी उचलीपोटी सारा हंगाम आधीच विकला आहे, त्यांच्यापुढे निवड कोणती असते? हंगामी वसतिगृहे उपयुक्त आहेत. पण धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी फडावर आणलेल्या मुलीला गावातले वसतिगृह काय देणार?

टनामागे उसाचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला कोपीतील मुले मोजणे अवघड नाही. अग्निप्रदीपनानंतरच्या पंधरवड्यात कारखाना, ग्रामपंचायत वा नगरपंचायत आणि शाळा यांनी एकत्र बसून ही यादी करावी, मूळ शाळेला कळवावे आणि हंगाम संपताना प्रगतीची नोंद मुलासोबत परत पाठवावी. यासाठी नवा आयोग नको. गावातील सुशिक्षित कुटुंबांनीही रोजची एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. समरसता व्यासपीठावर नव्हे, पाटी-पेन्सिलीशेजारी सिद्ध होते.

साखर प्रत्येक घरी जाते. ती गोड करणाऱ्या हातांची मुले कोणत्या इयत्तेत आहेत, हे विचारण्याचे उत्तरदायित्वही प्रत्येक घराचे आहे.